स्थळप्रत

सरकारी कचेऱ्यांच्या कारभारात एक लहानसा पण मोठा अर्थपूर्ण शब्द रुळलेला आहे. तो म्हणजे ‘स्थळप्रत’. पत्र ज्याला धाडायचे त्याला जाते. पण त्याची एक प्रत जेथून ते निघाले तेथेच, त्याच फाइलीत, राखून ठेवली जाते. पुढे मूळ पत्र टपालात गहाळ झाले, पावसात भिजले, किंवा घेणाऱ्याने ते मिळालेच नाही म्हणून कानांवर हात ठेवले, तरी कचेरीचे अडत नाही. आवक-जावक बारनिशीत नोंद असते आणि फाइलीत स्थळप्रत असते. कागदाच्या राज्यात सत्ता कोणाची, याचे उत्तर पुष्कळदा स्थळप्रत कोणाजवळ आहे यावरून मिळते. कामगारांच्या बाजूने आयुष्यभर अर्ज लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांना हा धडा फार लवकर शिकावा लागतो. साहेबाच्या टेबलावर दिलेल्या अर्जाची पोच आणि नक्कल आपल्याजवळ नसेल, तर तो अर्ज दिलाच नव्हता असे समजावे.

आज पत्र कागदावर लिहिले जात नाही. बल्लारपूर, घुग्घुस, गडचांदूर या पट्ट्यातला कंत्राटी कामगार असो, की गडचिरोलीच्या एखाद्या संस्थेतला कारकून असो, त्याच्या नेमणुकीचे पत्र, पगाराची पावती, बदलीचा हुकूम, जादा कामाचा निरोप, सारे ई-मेलने येते. ज्या दिवशी त्याला कामावरून कमी करतात त्याच दिवशी त्याचे कंपनीतले खातेही बंद होते. कोणाचा परवलीचा शब्द विसरला जातो, कोणाचा फोन हरवतो आणि त्याबरोबर खात्याची किल्ली जाते. मग तो आमच्यापुढे येऊन बसतो आणि म्हणतो, “खातेच गेले, आता पुरावा कुठला?” या प्रश्नाच्या पोटी पत्रव्यवहाराचा एक सबंध इतिहास दडलेला आहे, आणि तो समजून घेतला तर खाते गेले म्हणजे पत्रे गेलीच असे म्हणण्याचे कारण उरत नाही. आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे.

आपल्या महाराष्ट्राला हा प्रसंग नवा नाही. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि पेशवे दप्तर इंग्रजांच्या हाती गेले. इनामे आणि वतने यांचे हक्क तपासण्यासाठी सरकारने त्याचा पुरेपूर उपयोग केला. परंतु ज्यांचा तो इतिहास त्या लोकांतील संशोधकांना त्या दप्तरात दीर्घकाळ मोकळा प्रवेश नव्हता. आजच्या भाषेत बोलायचे तर एका अख्ख्या समाजाचे खाते बंद झाले होते. पत्रे नष्ट झालेली नव्हती. ती कुलपाआड होती आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला होती.

अशा वेळी इतिहासाचार्य राजवाडे यांनी काय केले? ते सरकारी दाराशी हात जोडून बसले नाहीत. त्यांनी साधा हिशेब मांडला. पुण्याहून जे पत्र गेले ते कोठेतरी पोचले असेल. जो सरदार, सावकार, कारकून ते वाचून गेला त्याच्या घरी ते पडून असेल. मग वाड्यांच्या माळ्यांवरून, कोठीच्या खोल्यांतून, वाळवी लागलेल्या पेट्यांतून त्यांनी रुमाल सोडवले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्यात पानिपतच्या काळातील पत्रे होती आणि ती वाईस एका घराण्याच्या संग्रहात सापडली होती. पुढे या मालेचे बावीस खंड झाले. पेशवे दप्तराचे दार रियासतकार सरदेसायांच्या संपादकत्वाखाली उघडले आणि त्यातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग १९३० ते १९३४ या काळात छापले गेले. त्यापूर्वीच मराठ्यांच्या इतिहासाची कितीतरी बांधणी घराघरांतल्या प्रतींवर होऊन गेली होती. यातून एक नियम हाती लागतो. पत्राला निदान दोन टोके असतात; एक टोक बंद झाले, तर दुसरे शोधावे.

आमच्या जंगलपट्ट्यात हाच नियम निराळ्या रूपाने दिसतो. मध्य प्रांतातील मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजी संपली आणि गावोगावच्या पडीक व जंगल जमिनी सरकारकडे गेल्या. गुरे चारणे, सरपण आणणे, नांगरासाठी आणि घरासाठी लाकूड घेणे, या गावकऱ्यांच्या नित्य गरजांना आमच्याकडे ‘निस्तार’ म्हणतात. त्याची नोंद निस्तारपत्रकात आणि रूढींची नोंद वाजिब-उल-अर्जमध्ये करण्याची पद्धत होती, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिनेही ती चालू ठेवली. कागद तयार झाला, पण तो राहिला तालुक्याला. गावातल्या माणसाला आपला हक्क ठाऊक होता, पण त्याची प्रत ठाऊक नव्हती. मधल्या काळात राज्येही बदलली. १९५६ साली हा भाग नागपूरच्या कारभारातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात आला, आणि १९८२ साली चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. प्रत्येक फेरबदलात गावकरी जागच्या जागीच राहिला. कागदाचा धनी तेवढा बदलत गेला.

पुढे २००६ साली वनहक्क कायदा आला. त्याच्या नियमांत पुराव्याची जी यादी दिली आहे ती ध्यान देऊन वाचण्याजोगी आहे. तीत सरकारी नोंदी, गॅझेटियर, नकाशे आहेत. निस्तारासारखे सामूहिक हक्क आहेत. आणि गावातील वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदनही आहे. शिवाय ग्रामसभेने लेखी मागितल्यास संबंधित कचेरीने कागदाची अधिकृत प्रत द्यावी, असेही त्या नियमांत सांगितले आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंडांचे लहानसे गाव. त्याने आपला अभ्यासगट चालवला, आपल्या जंगलाची माहिती आपण गोळा केली, आणि २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क पदरात पाडून घेतला. हक्क मिळूनही बांबू विकायला वाहतूक परवाना लागे, आणि तो देणे वनखात्याच्या हाती होते. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी त्या परवान्यांचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. पुस्तक कोणाच्या कपाटात राहते, एवढाच वाद वरवर दिसतो. परंतु त्या एका पुस्तकाने गावाची पत बदलली.

आता ई-मेलकडे येऊ. रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ साली एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाळ्यातून निरोप धाडला. गंमत अशी की, ती दोन्ही यंत्रे एकाच जागी शेजारी शेजारी होती. माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये ‘ॲट’चे चिन्ह घालण्याची युक्तीही त्याचीच. पुढे घरोघर लहान संगणक आले. ते दिवसरात्र चालू नसत, म्हणून टपाल उतरवून घेण्यासाठी एक मोठे यंत्र पोस्ट ऑफिससारखे सदैव जागे ठेवावे लागे. लहान यंत्राने त्याच्याकडे जाऊन आपली पत्रे कशी आणावीत, याचे नियम १९८४ साली लिहिले गेले आणि त्या पद्धतीला ‘पॉप’ हे नाव पडले. तिचा मूळ रिवाज सरळ होता. पत्र घरी आणायचे आणि पोस्टातली पेटी रिकामी करायची. १९८८ साली इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर याने ‘युडोरा’ हा टपालाचा कार्यक्रम लिहिला. युडोरा वेल्टी या लेखिकेची, पोस्टातच राहायला गेलेल्या बाईची एक गोष्ट त्याला आठवली, म्हणून हे नाव. त्या कार्यक्रमात आलेली पत्रे आपल्याच यंत्रावर साध्या मजकुराच्या फाइलीत एकाखाली एक साठत असत.

आपल्या देशात शैक्षणिक संस्थांना जोडणारे ‘अर्नेट’ १९८६ पासून उभे राहू लागले. मुंबईतील जुहूची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था त्याच्या पहिल्या केंद्रांपैकी एक होती. सामान्य नागरिकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत, आणि तेही प्रथम मोठ्या शहरांत. फोनची तार जोडायची, आलेले टपाल उतरवून घ्यायचे, तार तोडायची आणि मग निवांत वाचायचे. तासांचा हिशेब असल्यामुळे हीच शहाणपणाची रीत होती. त्या काळी प्रत आपोआपच घरी राही. कोणी मुद्दाम जपून ठेवली म्हणून नव्हे, तर जोडणी महाग होती म्हणून.

आमच्याकडच्या माणसाला हे समजायला दृष्टान्त दूर शोधावा लागत नाही. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. म्हणून पाऊस लागण्यापूर्वी तिकडच्या गावांत काही महिन्यांचे धान्य पोचवून ठेवतात. पॉपची पद्धत म्हणजे गावात साठवलेले धान्य होय. रोजच्या रोज तालुक्याच्या गोदामातून आणून खायचे ठरवले, तर पुलावर पाणी चढले की चूल विझते.

नेमके तेच पुढे घडले. स्टॅनफर्डच्या मार्क क्रिस्पिन याने १९८६ साली ‘आयमॅप’ ही दुसरी पद्धत आखली होती. तीत पत्र मोठ्या यंत्रावरच राहते आणि आपण त्याचे प्रतिबिंब पाहतो. घरी, कचेरीत, प्रवासात, कोठूनही एकच पेटी दिसावी ही तिची सोय मोठी होती. ४ जुलै १९९६ रोजी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ‘हॉटमेल’ सुरू केले. पत्र वाचायला आता आपला संगणकही लागेना. १ एप्रिल २००४ रोजी ‘जीमेल’ आले आणि त्याने एक गिगाबाइट जागा फुकट दिली. आता काही पुसायचे कारण नाही, काही उतरवायचे कारण नाही, सारे तेथेच राहू द्या, असा तो काळ होता. सोय वाढली यात संशय नाही. परंतु या सोयीच्या ओघात स्थळप्रत आमच्या घरातून निघून कंपनीच्या घरी गेली, आणि ती गेल्याचे कोणाला कळलेही नाही.

याचे परिणाम आता दिसू लागले आहेत. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ साली जाहीर केले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून ते अमलात आले. म्हणजे वारलेल्या बापाच्या खात्यातली पत्रे मुलगा कधीतरी सवडीने पाहू म्हणेल, तर तोवर ती राहतीलच असे नाही. ही झाली गरिबाची गोष्ट. श्रीमंताचीही पाहा. जुलै २०२५ मध्ये, गुजरातेत वाडीनार येथे तेलशुद्धीकरणाचा प्रचंड कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीची मायक्रोसॉफ्टकडील टपालसेवा एकाएकी बंद झाली. युरोपीय संघाने त्या कंपनीवर निर्बंध घातले, हे त्याचे निमित्त. पैसे मोजून घेतलेली सेवा आणि आपलीच माहिती आपल्याला नाकारली जाते, अशी तक्रार घेऊन कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. कारखान्याचा मालकही जेथे एका सकाळी आपल्या पत्रांना मुकतो, तेथे कंत्राटी कामगाराची काय कथा!

मग खाते गेल्यावर मागे काय उरते? येथे यंत्राची थोडी माहिती घेणे भाग आहे. संगणकावर टपालाचा कार्यक्रम बसवून जो पत्रे वाचत होता, त्याच्या यंत्रात बहुधा पत्रांच्या फाइली असतात. खात्याचा परवलीचा शब्द हे मोठ्या यंत्राच्या दाराचे कुलूप आहे. घरातल्या फाइलीला ते कुलूप सहसा लागलेले नसते. म्हणून खाते बंद झाले तरी फाइल उघडते. जुन्या आउटलुक एक्स्प्रेसमध्ये पत्रे ‘डीबीएक्स’ फाइलींत असत, आउटलुकमध्ये ‘पीएसटी’ नावाच्या फाइलीत असतात. थंडरबर्ड हा २००४ साली आलेला मोफत कार्यक्रम युडोराप्रमाणेच साध्या मजकुराची फाइल ठेवतो. तिचे नाव नुसते ‘इनबॉक्स’ असते, पुढे शेपूट नसते; शेजारची ‘एमएसएफ’ शेपटाची फाइल ही केवळ अनुक्रमणिका, ती गेली तरी बिघडत नाही. ही शेपूट नसलेली फाइल दुसऱ्या संगणकावर थंडरबर्डच्या स्थानिक कप्प्यात नेऊन ठेवली की पत्रे पुन्हा दिसू लागतात. पुसलेले पत्रसुद्धा तीत पुष्कळदा जिवंत असते. कारण पुसताना त्यावर फक्त खूण होते, आणि फाइल दाबून लहान केली जाईपर्यंत मजकूर जागीच राहतो. आउटलुकच्या ‘ओएसटी’ फाइलीचे मात्र तसे नाही. ती खात्याशी बांधलेली असते. ज्या यंत्रावर ती तयार झाली, त्याच यंत्रावर, जुनी जोडणी न मोडता उघडून, तिच्यातली पत्रे ‘पीएसटी’त काढून घ्यावी लागतात. फोनवर बहुधा अलीकडचीच थोडी पत्रे असतात. त्यांवर विसंबू नये.

येथे दोन गोष्टी लक्षात ठेवल्याच पाहिजेत. पहिली ही की, कार्यक्रम उघडण्यापूर्वी यंत्राचे इंटरनेट तोडावे. आयमॅपच्या पद्धतीत घरची पेटी दूरच्या पेटीचे अनुकरण करते. तिकडे पेटी रिकामी केलेली असेल, तर जोडणी होताच इकडचीही रिकामी होऊ शकते. प्रथम सबंध फोल्डर दुसऱ्या साठवणीवर उतरवावे आणि त्या नकलेवर काम करावे. मूळ फाइलीला हात लावू नये. दुसरी गोष्ट लिपीची. ही फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली तर देवनागरी पत्राच्या जागी रोमन अक्षरांचा आणि आकड्यांचा अर्थहीन ढीग दिसतो, आणि माणूस समजतो की सारे बिघडले. वस्तुतः ते बिघडलेले नसते. टपालाची जुनी व्यवस्था रोमन अक्षरांपुरती बेतलेली होती. इतर लिपींचा मजकूर तिच्यातून सुखरूप जावा म्हणून १९९२ साली ठरलेल्या नियमांप्रमाणे तो सांकेतिक रूपात बांधला जातो. टपालाचा कार्यक्रम ती गाठ सोडतो. फार जुनी मराठी पत्रे विशिष्ट फाँटांत लिहिलेली असतात. तो फाँट मिळाला की तीही वाचता येतात. मोडी न येणाऱ्याने रुमाल रद्दीत घालावा, तसे येथे कोणी करू नये.

आणि फाइलच नसेल तर? तर राजवाड्यांचा मार्ग धरावा. पत्राला दुसरे टोक असते. ज्याला आपण लिहिले त्याच्याकडे आपले पत्र आहे, ज्याने आपल्याला लिहिले त्याच्या पाठवलेल्या पत्रांत ते आहे, आणि ज्याला ‘सी. सी.’ केले त्याच्याकडेही आहे. ही ‘सी. सी.’ म्हणजे टंकलेखन यंत्रावरची कार्बन प्रतच. नाव अजून तेच आहे. कामगाराने महत्त्वाच्या अर्जाची एक ‘सी. सी.’ संघटनेला धाडण्याची सवय लावून घेतली, तर त्याचे खाते बंद झाल्यावरही त्याची स्थळप्रत जिवंत राहते.

प्रत हाती आली म्हणजे ती न्यायालयात उभी राहील का, हा पुढचा प्रश्न. याचा निकाल आपल्या महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात लागलेला आहे. २०१४ सालच्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतले गेले का, असा वाद निघाला. निवडणूक कचेरीतल्या चित्रफितींच्या प्रती कैलास गोरंट्याल यांच्या बाजूस मिळाल्या. पण पुराव्याच्या कायद्यातील कलम ६५-ब प्रमाणे जे प्रमाणपत्र लागते, ते वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. प्रत यांच्या हाती आणि यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात, अशी स्थिती होती. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी अर्जुन पंडितराव खोतकर यांच्या अपिलात सांगितले की, प्रमाणपत्र आवश्यकच आहे. मात्र पक्षकाराने ते मिळवण्यासाठी शक्य ते सर्व केले आणि यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने ते दिलेच नाही, तर त्याचा दोष पक्षकारावर येत नाही. अपील फेटाळले गेले. १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली असून त्याच्या कलम ६३ मध्ये हीच तरतूद आहे. प्रमाणपत्राचा एक भाग पक्षकाराने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा, आणि त्यात फाइलीचे ‘हॅश’ मूल्य लिहायचे. हे मूल्य म्हणजे फाइलीच्या अंगठ्याचा ठसा. मजकुरातले एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. म्हणून मूळ फाइल न हाताळता जपणे ही नुसती काळजी नसून तीच पुराव्याची ताकद आहे. बोध असा की, प्रत मागितल्याचाही कागद ठेवावा. ‘दिले नाही’ हे सिद्ध करायला ‘मागितले होते’ याचीही स्थळप्रत लागते.

मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. आम्ही बोलतो आहोत ते आपल्याला आलेल्या आणि आपण लिहिलेल्या पत्रांविषयी. दुसऱ्याच्या खात्यात शिरणे, किंवा कारखान्याची व्यापारी गुपिते उतरवून नेणे, हा गुन्हा ठरतो आणि त्याने खरा दावाही बुडतो. यंत्र कंपनीचे असेल, तर पत्रे जपून ठेवण्याची लेखी मागणी करावी आणि ती हजर करण्याचा हुकूम न्यायालयाकडे मागावा.

इतिहास म्हणजे राजांच्या लढाया अशी समजूत अजून पुष्कळांची आहे. आमच्या मते इतिहासाचा मोठा भाग कागद कोणाच्या पेटीत राहिला, एवढ्यावर ठरतो. पेशव्यांचे दप्तर सरकारच्या कुलपात गेले तरी मराठी माणसाची स्मृती गेली नाही, कारण घराघरांत रुमाल होते. जंगलाचा हक्क कचेरीच्या कपाटात पडून राहिला तरी तो मेला नाही, कारण गावाने प्रत मागितली आणि वडीलधाऱ्यांनी साक्ष दिली. ई-मेलच्या युगातही न्याय याच वाटेने येईल. येथे जमलेल्यांपैकी ज्यांच्या घरी जुना संगणक माळ्यावर पडला आहे, त्यांनी तो भंगारवाल्याला देण्यापूर्वी एकदा उघडून पाहावा. आणि ज्यांची खाती आज सुरळीत चालू आहेत, त्यांनी वर्षातून एकदा, दिवाळीला हिशेबाच्या वह्या बदलतो त्या सुमारास, आपली पत्रे आपल्या यंत्रावर उतरवून घ्यावीत. कुलूप दुसऱ्याचे असले तरी चालेल. स्थळप्रत आपली असली पाहिजे.